वाघ्या घेवड्याची पहिली शिजवण

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता सांगायचा तर आकडा सांगावा लागतो. तिसरी गल्ली, आठवी गल्ली, बारावी गल्ली. छत्रपती राजाराम महाराजांचं नाव लावून वसलेल्या या भागात मुख्य रस्त्यापासून गल्ल्या फुटत जातात आणि त्यांच्या तोंडाशी कुठे ना कुठे किराणा मालाचं दुकान असतंच. दुकानातल्या कडधान्यांची रांग ठरलेली असते. मटकी, मूग, चवळी, हुलगा, मसूर, पावटा ही सगळी घरची मंडळी. मटकीशिवाय मिसळ होत नाही, हुलग्याशिवाय माडगं होत नाही आणि अख्खा मसूर तर या भागातल्या ढाब्यांच्या पाट्यांवर झळकतो. या ओळखीच्या चेहऱ्यांत एखाद्या दिवशी एक नवा दाणा दिसतो. फिकट गुलाबीसर अंग आणि त्यावर तांबडे, जांभळट पट्टे.

"दादा, हे काय हो?"

"वाघ्या घेवडा. साताऱ्याकडचा हाय, काकी."

"शिजतोय काय लवकर?"

या संवादातलं खरं अवघड वाक्य शेवटचं. नाव सांगता येतं, गाव सांगता येतं, भावही सांगता येतो. पण दाणा किती वेळात शिजेल हे पोत्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. तो दाणा कोणत्या हंगामातला आहे, कुठे साठवला होता, घरात कोणतं पाणी येतं, आमटीत चिंच कधी पडणार आहे, या सगळ्यावर ते उत्तर अवलंबून असतं. शिवाय या दाण्याच्या बाबतीत एक प्रश्न असा आहे, जो मटकी विकत घेताना कुणी विचारत नाही आणि विचारायची गरजही नसते. घेवडा मात्र तो विचारायला लावतो.

वाघ्या घेवडा हे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचं पीक. कोल्हापूरहून पुण्याकडे जाणारी रेल्वे कोरेगाव आणि वाठार या स्टेशनांवरून जाते. पावसाळ्यात त्या पट्ट्यातून प्रवास करणाऱ्याला खिडकीतून दिसणाऱ्या शेतांत हे पीक असतं, फक्त ते ओळखता येत नाही. पावसाच्या पाण्यावर येणारं, अडीच महिन्यांच्या आसपास हाती लागणारं हे खरिपाचं कडधान्य आहे. दाण्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे, म्हणून नाव वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा घनसाळ तांदळालाही ते मिळालं. योगायोग असा की संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळलं होतं.

मानांकन मिळालं तरी जवळच्या जिल्ह्यात ओळख होतेच असं नाही. कोरेगावच्या घेवड्याला उत्तर भारतात राजमा म्हणून गिऱ्हाईक मिळतं, आणि कोल्हापुरातल्या स्वयंपाकघरात तो परका ठरतो. इतक्या जवळचं धान्य दिल्लीच्या ताटात आधी पोहोचावं, ही गोष्ट चुटपुट लावणारी आहे.

नावाचा गोंधळ इथूनच सुरू होतो. मराठीत 'घेवडा' हा शब्द फार सैल वापरला जातो. भाजीवालीकडचा श्रावण घेवडा म्हणजे कोवळी शेंग. तिलाच शहरात फरसबी म्हणतात आणि त्या शब्दात 'फ्रेंच बीन' लपलेला आहे. पण कित्येक घरांत वालाच्या जातीच्या चपट्या शेंगेलाही घेवडाच म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. वाल आणि पावटा हे 'लॅबलॅब' या प्रजातीतले, कानडी मुलखात ज्याला अवरे म्हणतात ते. श्रावण घेवडा, राजमा आणि वाघ्या घेवडा हे मात्र एकाच जातीचे, 'फॅसिओलस व्हल्गॅरिस'चे. म्हणजे ज्या शेंगेची भाजी घरात वर्षानुवर्षं होते, तीच शेंग वेलीवर वाळू दिली की आतून निघतो तो दाणा राजम्याचा भाऊ. शेंग ओळखीची, दाणा अनोळखी, असा हा प्रकार.

या जातीचं मूळ घर भारतात नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत हुलगा आणि मसूर यांचे जळून कोळसा झालेले दाणे सापडले. हुलग्याची आमटी महाराष्ट्रात इतकी जुनी आहे. घेवडा तिथे सापडणं शक्यच नव्हतं, कारण तेव्हा तो समुद्रापार होता. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा भाग हे त्याचं एक घर आणि दक्षिण अमेरिकेतले अँडीज पर्वत हे दुसरं. दोन्हीकडच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला स्वतंत्रपणे माणसाळवलं. १४९२ नंतर युरोपीय जहाजांची ये-जा सुरू झाली आणि मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू यांच्याबरोबर घेवड्याचं बीही जगभर पसरलं. कोल्हापूरची ओळख ज्या तिखटावर उभी आहे, ती मिरची आणि हा घेवडा एकाच वाटेने आलेले पाहुणे आहेत. एकीला कोल्हापूरने इतकं आपलं केलं की तिचं परकेपण कुणाला आठवतही नाही. दुसरा अजून दुकानाच्या दारात उभा आहे.

पट्ट्यांवरून नाव देण्याची हौस मात्र सगळ्यांचीच. स्पॅनिश लोकांनी अशाच नक्षीदार दाण्याला 'पिंटो' म्हटलं, म्हणजे रंगवलेला. हिंदीत तो 'चित्रा' झाला. कोरेगावच्या शेतकऱ्याला त्यात वाघ दिसला.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे मटकी घेताना कुणी विचारत नाही तो प्रश्न: दाणा कच्चा राहिला तर काय होतं? नवं कडधान्य घरी आलं की मराठी हात ते सवयीने भिजत घालतात, फडक्यात बांधतात, मोड आणतात आणि एक वाफ देऊन उसळ करतात. ही सवय उत्तम आहे. मोड आले की मूग-मटकी पचायला हलकी होते, लवकर शिजते, आणि मिसळीतली मटकी तर किंचित कचकचीत राहिलेलीच बरी लागते. ही रीत ज्या दाण्यांवर घडली ते मूग, मटकी आणि हुलगा इथल्या मातीतले आणि या बाबतीत गरीब स्वभावाचे. घेवड्याला हीच रीत लावली तर घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात.

कच्च्या घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. लेक्टिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या गटातलं हे एक. साखरेच्या विशिष्ट रेणूंना चिकटणं हा त्याचा गुण. आतड्याच्या अस्तरावरच्या पेशींवर असे रेणू असतात. हे प्रथिन तिथे जाऊन चिकटतं आणि आतड्याचं काम विस्कटतं. खाल्ल्यावर १ ते ३ तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि मग जुलाब सुरू होतात. यासाठी ताटभर उसळ लागत नाही, चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. लाल राजम्यात याचं प्रमाण सर्वांत जास्त, पांढऱ्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश. भिजवल्याने ते पुरेसं जात नाही आणि मोड आणल्यानेही नाही. जातं ते उकळत्या पाण्यात. खळखळ उकळीत १० मिनिटांत ते निकामी होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला मात्र ३० मिनिटांचा आहे, म्हणजे उष्णता प्रत्येक दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचल्याची खात्री होते.

यातली सर्वांत फसवी गोष्ट अशी की अर्धवट तापवलेला घेवडा कच्च्याहूनही त्रासदायक ठरू शकतो. पाणी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं तर दाणा मऊ होत जातो, पण विष शाबूत राहतं आणि त्याची तीव्रता काही पटींनी वाढल्याचंही दिसून आलं आहे. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणारी विजेची भांडी, उष्णता कोंडून शिजवणारे डबे, ढगाळ दिवशीची सौरचूल या सगळ्यांत हा धोका आहे. तिथे घेवडा ठेवायचाच असेल तर आधी गॅसवर सणसणीत उकळून घ्यावा.

जपानमध्ये मे २००६ मध्ये काय झालं ते यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात वजन कमी करण्याचा उपाय म्हणून पांढरा घेवडा सांगितला गेला. कोरडे दाणे तव्यावर तीनेक मिनिटं भाजायचे, दळायचे आणि ती पूड भातावर भुरभुरायची. हजाराहून जास्त लोकांना पोटाचा त्रास झाला आणि १०० जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. इथल्या वाचकाला ही कृती ओळखीची वाटेल, कारण हुलगे भाजून, दळून त्याचं पिठलं आणि माडगं आपण करतोच. हुलग्याला ते चालतं. शिवाय ते पीठ पुढे पाण्यात चांगलं रटरटतं. घेवडा नुसता भाजून खाणं मात्र कधीही नको. कोरडी उष्णता दाण्याच्या आत नीट पोहोचत नाही.

एवढं कळलं की भीतीचं कारण उरत नाही. जगात कोट्यवधी लोक रोज हा दाणा खातात. फक्त त्याला नीट शिजवलं पाहिजे, आणि नीट शिजवणं हे एक वेगळं शास्त्र आहे.

पहिल्या वेळी पाव किलो घेवडा एकदम भिजत घालू नये. एक वाटी पुरे. चार माणसांची आमटी त्यात होते, कारण वाटीभर कोरडा दाणा शिजून अडीच ते तीन वाट्या भरतो. ताटात पसरून निवडताना खडे, माती आणि भोकं पडलेले दाणे काढावेत. भोक म्हणजे भुंगेऱ्याची करामत. मादी दाण्यावर अंडी घालते, अळी आत वाढते आणि पूर्ण वाढ झालेला किडा गोल भोक पाडून बाहेर येतो. सुरकुतलेले, तडकलेले दाणेही बाजूला टाकावेत. तडकलेला दाणा आधी फुगतो, आधी शिजतो आणि बाकीचे तयार होईपर्यंत त्याचा लगदा झालेला असतो.

भिजवताना दाण्याच्या तिप्पट-चौपट पाणी हवं. घेवड्याच्या पोटाशी एक पांढरट डोळा असतो. शेंगेत असताना दाणा तिथे जोडलेला होता. पाणी आधी या डोळ्याच्या आसपासच्या बारीक छिद्रातून आत शिरतं. म्हणून सुरुवातीला साल फुगून अगदी म्हाताऱ्या बोटांसारखी सुरकुतते आणि आतला गर कोरडाच असतो. तासा-दोन तासांनी बघणाऱ्याला वाटतं, दाणा बिघडला. बिघडलेला नसतो. ८ ते १० तासांत गर फुगून साल पुन्हा ताणली जाते आणि दाणा टरारतो. त्या वेळी त्याने आपल्या वजनाइतकं पाणी पिऊन घेतलेलं असतं. कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत रात्रभर भिजवून दुपारपर्यंत तसाच ठेवला तर पाण्यावर फेस धरतो आणि आंबूस वास येतो. तेव्हा मध्ये एकदा पाणी बदलावं किंवा भांडं फ्रिजमध्ये ठेवावं. आदल्या रात्री भिजत घालायला विसरलंच, तर कोरडे दाणे २ मिनिटं उकळून, झाकण ठेवून तासभर तसेच ठेवावेत. रात्रभराचं बरंचसं काम त्यात होतं.

सकाळी भांड्यात हात घातला की मराठी स्वयंपाकघरातला एक जुना शब्द आठवतो: गणंग. बाकी सगळे दाणे फुगलेले आणि त्यांत चार-दोन दगडासारखे टणक, जसेच्या तसे. न भिजणारा, न शिजणारा, दाताखाली येऊन कळ काढणारा दाणा म्हणजे गणंग. शास्त्रज्ञ त्यालाच 'कठीण सालीचा दाणा' म्हणतात. त्याच्या सालीतून पाणी आत जातच नाही. हा निसर्गाचा हिशेब असतो. सगळं बी पहिल्याच पावसात उगवलं आणि पाऊस दडी मारून बसला तर वंशच बुडायचा. म्हणून काही बिया थांबून राहतात. शेतातला शहाणपणा ताटात दुखतो. गणंग हाताने वेचून काढावेत, शिट्ट्या वाढवून ते सुधारत नाहीत.

दुसऱ्या प्रकारचा हट्टी दाणा मात्र वेगळा असतो आणि त्याची गल्लत गणंगाशी होते. तो नीट भिजतो, टरारून फुगतो, पण तासभर उकळूनही मऊ पडत नाही. हा दाणा जुना असतो. गरम आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिल्याने त्याच्या आत बदल होतात. दाण्याच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो. साठवणीच्या काळात त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे धागे घट्ट होतात आणि उकळत्या पाण्यातही तो विरघळत नाही. पेशी सुटत नाहीत, म्हणजे दाणा मऊ होत नाही. पश्चिम महाराष्ट्राचा पावसाळा अशा बिघाडाला अगदी अनुकूल. म्हणूनच मागच्या वर्षीच्या बरणीत यंदाचा घेवडा ओतू नये. एकाच कुकरमध्ये दोन वयाचे दाणे पडले की अर्धे पिठूळ आणि अर्धे कचकचीत अशी आमटी होते, आणि दोष मात्र जातीवर जातो.

कॅल्शियमचा हा धागा पकडला की स्वयंपाकघरातली पाच-सहा कोडी एकदम सुटतात.

बोअरचं पाणी बहुधा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. त्यात घेवडा शिजायला वेळ लागतो. नळाला येणारं नदी-धरणाचं पाणी तुलनेने हलकं असतं. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइनने कोल्हापुरात पोहोचलं, तेव्हा चर्चा पिण्याच्या शुद्ध पाण्याची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ज्या घरात नळ आणि बोअर दोन्ही आहेत, तिथे कडधान्य नळाच्या पाण्यात शिजवावं, हा त्यातला छोटा घरगुती फायदा.

मीठ आधी घातलं तर दाणा कडक राहतो, असं कित्येक घरांत सांगितलं जातं. भिजवण्याच्या पाण्यात मात्र मिठाचा उलटा उपयोग होतो. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून घेवडा भिजवला तर मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल नरम पडते आणि शिजताना फुटत नाही. ते पाणी नंतर फेकूनच द्यायचं असतं. सोडाही याच कारणाने काम करतो, पेक्टिन लवकर विरघळवतो. पण सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि प्रमाण चुकलं तर आमटीला साबणासारखी चव येते. फार जुना दाणा असेल तरच चिमूटभर घालावा, एरवी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आंबटाचं मात्र घरातल्या बायकांनी सांगितलेलं सोळा आणे खरं आहे. चिंच, आमसूल, टोमॅटो यांतलं आम्ल पेक्टिनला विरघळू देत नाही. दाणा अर्धवट शिजलेला असताना चिंचेचा कोळ पडला की तो तिथेच अडतो. आणि गूळ? कोल्हापूरकरांना हे ऐकायला आवडणार नाही, पण गूळही याच बाजूचा. गुळात साखरेबरोबर कॅल्शियमही असतं. अमेरिकेत बोस्टन शहराच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या घेवड्यात काकवीसारखी मळी घालून तो तासन्‌तास भट्टीत ठेवतात आणि तरी दाणे अखंड राहतात, त्याचं कारण हेच. तेव्हा चिंच आणि गूळ दोन्ही शेवटी, दाणा बोटचेपा झाल्यावर. पुढे आमटी कितीही उकळली तरी मग दाण्यांचा फुटून लगदा होत नाही. तीच गोष्ट आधी घातली तर अडथळा, नंतर घातली तर राखण.

भिजवलेलं पाणी ओतून, दाणे दोनदा धुऊन ताज्या पाण्यात उघड्या भांड्यात १० मिनिटं उकळून घ्यावेत. वर फेस येतो, तो झाऱ्याने काढावा. याच वेळी वाघ्याचे पट्टे पुसट होऊ लागतात. सालीतला रंग पाण्यात विरघळणारा असल्याने तो उतरतो आणि शिजल्यावर दाणा एकसारखा तपकिरी-गुलाबी दिसतो. पहिल्यांदा करणाऱ्याला हळहळ वाटते, कारण पट्ट्यांसाठीच तर तो आणलेला असतो. जगातल्या बहुतेक नक्षीदार घेवड्यांचं हेच होतं.

मग कुकर. १६७९ साली दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर वाफ कोंडणारं भांडं मांडलं, तेव्हा त्याच्या डोक्यात हाडं मऊ करण्याचा विचार होता. आजचा कुकर त्याचाच वंशज. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे उघड्यावर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये ते १२० अंशांपर्यंत तापतं. एवढ्या २२ अंशांच्या फरकाने तासाचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं.

मराठी घरात कुकरचा वेळ शिट्ट्यांनी मोजतात. "पाच शिट्ट्या कर" हे सांगणं घरच्या घरात चालतं, कारण कुकर तोच, शेगडी तीच. नव्या दाण्याच्या बाबतीत ते फसतं. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या सहा मिनिटांत होतात आणि बारीक आचेवर वीस मिनिटं लागतात. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून घड्याळ लावावं. चांगल्या भिजलेल्या, ताज्या हंगामातल्या घेवड्याला १० ते १२ मिनिटं पुरतात. कुकर निम्म्याहून जास्त भरू नये, कारण फेस आणि सुटलेली सालं वाफेच्या नळीत अडकू शकतात. चमचाभर तेल घातलं की फेस कमी होतो. नंतर वाफ आपोआप जिरू द्यावी. झाकणाखालचा दाब एकदम काढला की दाण्यातलं पाणी आतल्या आत उसळतं आणि सालं फुटतात.

झाकण काढल्यावर एक दाणा चाखून निकाल देऊ नये. निरनिराळ्या जागचे पाच दाणे घ्यावेत. अंगठा आणि तर्जनीत दाबल्यावर दाणा कणी न लागता लोण्यासारखा चेपला गेला पाहिजे, जिभेने टाळूवर दाबला तरी विरघळला पाहिजे. गरम दाणा चमच्यात घेऊन हलकी फुंकर मारली आणि साल सुटून उलटली, तर तो झाला. पाचांतला एक जरी मधोमध पांढरट आणि कणीदार लागला तर पुन्हा पाच मिनिटं. हा हट्ट चवीपुरता नाही, घेवड्याच्या बाबतीत तो तब्येतीचा प्रश्न आहे.

शिजवलेलं दुसरं पाणी मात्र फेकायचं नाही. रस त्यात आहे, स्टार्चचा दाटपणा त्यात आहे. दाणे त्याच पाण्यात कोमट होऊ दिले की साल तुकतुकीत राहते. पुढचं काम कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण, कोथिंबीर यांचं वाटण, तेलात परतलेला कांदा आणि घरची कांदा-लसूण चटणी. परगावच्या माणसाला चटणी म्हटलं की वाटीतली ओली चटणी आठवते, इथे ती डब्यातल्या लाल मसाल्याची असते. वाघ्या घेवड्याचा गर पिठूळ आणि किंचित गोडसर असल्याने हे तिखट तो चांगलं पेलतो. मूठभर दाणे पळीने ठेचून रश्श्यात मिसळले की रस्सा आपोआप मिळून येतो. बरोबर ज्वारीची भाकरी किंवा आजरा घनसाळचा भात. त्यामागे पोषणाचाही हिशेब आहे. कोरड्या घेवड्यात १०० ग्रॅमला २२-२३ ग्रॅम प्रथिनं असतात, पण मेथिओनिन नावाचं एक अमिनो आम्ल त्यात कमी पडतं. ज्वारी-तांदळात ते तुलनेने बरं असतं आणि त्यांना कमी पडणारं लायसिन घेवड्यात भरपूर असतं.

पोट फुगण्याची तक्रार या कुळाच्या मागे लागलेलीच आहे. रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा पचवणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यावर ताव मारून वायू तयार करतात. भिजवलेलं पाणी फेकल्याने यातला काही भाग निघून जातो. हिंग, ओवा घालतात ते बरंच. ज्या घरात कडधान्य क्वचित होतं, तिथे पहिल्या दिवशी वाटीभर आमटी घ्यावी आणि आठवड्यात पुन्हा एकदा करावी. आतड्यातल्या जिवाणूंनाही नव्या दाण्याची सवय व्हावी लागते.

हीच पद्धत दुसऱ्या अनोळखी दाण्यांना जशीच्या तशी लावता येते का? बरीचशी येते, पण प्रत्येकाची एखादी खोड वेगळी असते. डबलबी हा चपटा, पांढरा, मोठा दाणा घेवड्याच्या जवळच्या नात्यातला. पेरूच्या लिमा शहरावरून जगात त्याचं नाव पडलं. त्याच्या रंगीत आणि रानटी जातींत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या जातींत ते फार कमी असतं, तरी भिजवून, पाणी फेकून, झाकण न ठेवता आधी उकळी काढणं हाच शहाणपणा, म्हणजे ते वाफेबरोबर उडून जातं. कडव्या वालाला मोड आणून, सोलून बिरडं करण्याची कोकणातली रीत सालीतला कडवटपणा काढून टाकते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत काळ्या घेवड्याची उसळ गोडा मसाला घालून होते. तो दाणाही फॅसिओलसच, म्हणून त्यालाही खळखळ उकळी हवी. डब्यातला आणला तर तो आधीच शिजवलेला असतो, तेव्हा प्रश्न नाही. चवळी मात्र आफ्रिकेतून आलेली आणि मुगाच्या नात्यातली. तिला एवढ्या सोपस्काराची गरज नाही.

बरणीवर एक चिठ्ठी चिकटवली तर पुढच्या वेळचं अर्धं काम होतं: कोणत्या महिन्यात आणला, किती तास भिजवला, बारीक आचेवर किती मिनिटं लागली. दुसऱ्यांदा वाटी भिजत घालताना तीच चिठ्ठी दुकानातल्या "शिजतोय काय लवकर?" या प्रश्नाचं उत्तर देते.

कोरेगावच्या रानात घेवडा पावसाच्या सुरुवातीला पेरतात आणि पावसाळा सरता सरता काढतात. मळणी होऊन, वाळून नवा माल बाजारात यायला दसरा-दिवाळी उजाडते. राजारामपुरीतल्या दुकानात वाघ्या घेवडा विचारायचा तर तेव्हाच विचारावा. नव्या दाण्याचे पट्टे ठसठशीत असतात, साल चकचकीत असते, आणि रात्री भिजत घातलेली वाटी सकाळी काठोकाठ भरलेली दिसते.